निघणाऱ्याला विचारू नये

काकूंच्या घराचं छप्पर पत्र्याचं होतं आणि इतकं उतरतं की त्यावर मांजरही टिकलं नसतं. रात्रभर पडलेला बर्फ सकाळी ऊन लागलं की आधी थोडा कुरकुरायचा आणि मग सबंधच्या सबंध थर सरकून अंगणात धप्पकन आदळायचा. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी पोळी तव्यावर सोडून दाराकडे पळाले होते. मला वाटलं, घरच खाली आलं. काकू खुर्चीत बसून हसत होत्या. म्हणाल्या, "अगं, छप्पर अंग झाडतंय. पोळी बघ आधी, करपली." आता मी अमेरिकेतल्याच नेपरव्हिलला राहते. बर्फ इथेही पुष्कळ पडतो, पण जमीन सपाट. पडलेला बर्फ पडल्या जागी राहतो, रस्त्याकडेला काळा होतो आणि हिवाळा संपला की कुणाला न कळता निघून जातो. त्याला आवाज नाही. अजूनही सकाळी पोळ्या लाटताना माझे कान छपराकडे असतात.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे लांबचे चुलतभाऊ, हाडांचे डॉक्टर. तरुणपणीच अमेरिकेत आले आणि मोठ्या शहरात न राहता कोलोरॅडोच्या डोंगरातल्या एवढ्याशा गावात जाऊन बसले. तिथे हाडं मोडणाऱ्यांची कमी नव्हती. हिवाळाभर लोक पायांना लांब पट्ट्या बांधून डोंगरावरून घसरत खाली यायचे आणि काका त्यांची हाडं जोडायचे. काकूंना संधिवात होता. बोटं अशी वाकली होती की कणीकसुद्धा मळता येईना, म्हणून मला बोलावलं. माझी शाळा चौथीलाच संपली होती. पाचवीची शाळा नदीपलीकडे होती आणि घरात पाठच्या दोघी बहिणी सांभाळायच्या होत्या. काकूंकडे आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि साताऱ्याच्या पुढे काही पाहिलेलं नव्हतं. कागदपत्रं सगळी काकांनी केली, मी दाखवतील तिथे सही केली. गावी फोन करायचा तर कार्ड खरवडून आकडे दाबायचे, आणि आईशी दोन शब्द झाले की मध्येच एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगून फोन तोडायची.

त्या गावात दुसरं मराठी घर नव्हतं. दुसरं मराठी माणूस बघायचं तर दिवसभर गाडी हाकत डेन्व्हरला जायचं. काका वर्षातून दोनदा जात आणि गाडीभर डाळी, पोहे, हिंग, साबुदाणा आणत. सकाळी उजाडायच्या सुमारास वरच्या खिंडीच्या रस्त्यावर स्फोट व्हायचे. डोंगरावर साठलेला बर्फ रस्त्यावर आपोआप कोसळण्याआधी सरकारी माणसं सुरुंग लावून तो मुद्दाम पाडायची. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. काकू डोळे न उघडता म्हणायच्या, "उडवले मेल्यांनी सुतळी बॉम्ब. ऊठ मंदे, चहा टाक." मी आलं ठेचायची, काका दाढी करता करता खोकायचे, आणि जिन्यावरून मोजे घातलेल्या पायांनी धाडधाड उतरत रेवा यायची.

रेवा त्यांची एकुलती मुलगी, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. काकूंसमोर मी तिला रेवाताई म्हणायची. घराबाहेर पडलं की ती म्हणायची, "ताई नको यार, आय फील लाइक अ टीचर," मग मी नुसतं रेवा म्हणायची. तिचं मराठी काकूंच्या भाषेत 'खिचडी, तीही कच्ची' होतं, आणि माझं इंग्रजी तर नव्हतंच. तरी आमचं बोलणं कधी अडलं नाही. तिचं जॅकेट दारामागे टांगलेलं असायचं आणि माझ्या फोडणीचा वास त्यात मुरायचा. केली नावाची तिची मैत्रीण तिला म्हणायची, तू जवळ आलीस की मला भूक लागते. डोंगर चढताना त्या दोघी पायांच्या पट्ट्यांखाली केसाळ कापडाच्या पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे पाय मागे घसरत नाही. त्याला त्या स्किन म्हणायच्या. घरी आल्यावर रेवा त्या ओल्या स्किन शेगडीजवळच्या खुर्चीवर वाळत घालायची. समोरच देवघर. पहिल्या दिवशी काकूंनी विचारलं, "कातडी आहे का गं ती?" "नायलॉन आहे, आई." "मग राहू दे. पण गणपतीकडे शेपूट नको करूस." रेवाने मुकाट्याने खुर्ची फिरवली.

त्या घरात एक नियम होता, आणि तो मला नवा नव्हता. घराबाहेर पडणाऱ्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारायचं नाही. विचारलं की काम बिघडतं. माझी आईसुद्धा फार तर 'लांब का?' एवढंच विचारायची. चुकून कुणाच्या तोंडून गेलंच, तर निघालेल्या माणसाने परत आत यायचं, पायातलं काढायचं, दोन मिनिटं बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि पुन्हा नव्याने निघायचं. शेजारी एक म्हातारा होता, सदा फावडं घेऊन अंगणात. काका गाडीजवळ गेले की तो ओरडायचा, "वेअर यू हेडेड, डॉक?" लगेच आतून काकू, "अहो, या परत!" काका बिचारे बुटांच्या नाड्या सोडून आत येत, पाणी पीत, पुन्हा नाड्या बांधत. एकदा तो म्हातारा रेवाला चिंतेने म्हणाला की तुझ्या बाबांना तहान फार लागते, साखर तपासून घ्यायला सांग. विचारायचं नाही, पण आपणहून सांगायला बंदी नव्हती. रेवा आदल्या संध्याकाळी चहाच्या वेळी काकांना सांगून ठेवायची, उद्या अमुक डोंगर, अमुक वाजता परत. काका पेपरातून मान वर न करता 'हं' म्हणायचे. काकू तेवढ्यापुरत्या वाती वळायला घ्यायच्या. त्या वाकड्या बोटांनी वात कधी नीट व्हायची नाही. ऐकून घेण्यासाठीच त्या बसायच्या, हे मला फार उशिरा कळलं.

एका दुपारी रेवा म्हणाली, "मंदा, चल ना, मला हेल्पर पाहिजे. खोदायचं आहे."

"काय खोदायचं?"

"बर्फ."

काकू म्हणाल्या, "दारातला खोदा की मग. बाप फावडं मारून मरतोय तिकडे."

पण जा म्हणाल्या. रेवाने माझ्या पायांना जाळीची रुंद पायताणं बांधली, काकांची कानटोपी घातली आणि आम्ही घरामागच्या उतारावर झाडीपर्यंत गेलो. मी बदकासारखी चालत होते आणि ती मागे वळून हसत होती. तिने छातीएवढा खड्डा खोदला आणि त्याची एक बाजू फावड्याने सरळ उभी तासली, खरवस कापावा तशी. मला वाटत होतं बर्फ म्हणजे सगळा एकच. पण त्या भिंतीत थर होते. वरचा कालचा, पिठीसारखा. त्याखाली घट्ट, दाबून बसलेला. आणि अगदी तळाशी, जमिनीला लागून, हातभर जाडीचा करड्या दाण्यांचा थर. रेवाने तो मूठभर काढून माझ्या हातमोज्यावर ठेवला. मी लाडू वळावा तसा वळायला गेले तर दाणे बोटांमधून सरसर गळून गेले.

"इकडे लोक याला शुगर म्हणतात," ती म्हणाली.

मी म्हटलं, "साखर कसली, हा तर न भिजवलेला साबुदाणा आहे."

ती खड्ड्यातच बसून हसली. मग तिने समजावलं. थंडीच्या सुरुवातीला थोडासा बर्फ पडला आणि नंतर बरेच दिवस आभाळ मोकळं राहिलं. खाली जमीन उबदार, वर कडाक्याची थंडी, दोन्हींच्या मधल्या पातळ बर्फाचे असे सुटे दाणे झाले. आता त्यावर कितीही बर्फ पडो, खाली साबुदाणा तो साबुदाणाच. एकमेकांना धरत नाही. तिने भिंतीतून एक चौकोनी खांब कापून मोकळा केला, वर फावडं आडवं ठेवलं आणि बोटांनी हलकेच थापा मारल्या. काही झालं नाही. मग जरा जोरात मारली, तशी वरची जाड लादी अख्खीच्या अख्खी पुढे सरकली, तूप लावलेल्या ताटातून वडी सुटावी तशी, आणि तिच्या मांडीवर आली. रेवा हसायची थांबली. आम्ही परत निघालो तेव्हा वाटेतल्या एका मोकळ्या जागेत आमच्या पायांखालून 'हुम्म' असा आवाज आला. ऐकू आला म्हणण्यापेक्षा पोटात जाणवला. जमिनीने मोठा श्वास सोडावा आणि आपण बोटभर खाली बसावं, तसं. रेवाने माझं मनगट धरलं. "हा आवाज आला की घरी जायचं. नो आर्ग्युमेंट. तू खाली सपाटीवर उभी असलीस ना, तरी वरचा अख्खा डोंगर सुटू शकतो." चालता चालता ती म्हणाली, "म्हणून घरात एकाला तरी माहीत पाहिजे. कुठे आणि किती वाजता. बस, दोनच गोष्टी."

त्या दिवसापासून साबुदाणा हा आमचा शब्द झाला. डोंगरावरून आली की ती दारातूनच सांगायची, "आज साबुदाणा," किंवा "आज बरा आहे, भिजलेला." केलीसुद्धा तोंड वाकडं करून 'सबुडाना' म्हणायला शिकली. माझं काहीतरी त्या देशाच्या कामी आलं असं मला तेवढं एकदाच वाटलं.

रेवा डॉक्टरकीच्या कॉलेजात एक वर्ष जाऊन परत आली होती. तिला बर्फाचंच काम करायचं होतं. डोंगरात हिंडून खड्डे खोदायचे आणि आज कुठला उतार धोक्याचा आहे ते लोकांना कळवायचं. अशी नोकरी असते हे काकांना माहीत होतं. त्यांना ती आपल्या मुलीने करायला नको होती. एके दिवशी जेवताना ठिणगी पडली. मी वाटीत आमटी वाढत होते.

काका म्हणाले, "इतकी वर्षं मी या डोंगराने मोडलेली हाडं जोडली. तुझी जोडायला लावू नकोस मला."

"मी परमिशन नाही मागत, बाबा."

"कॉलेज सोडताना तरी कुठे मागितलीस?"

"बिकॉज यू नेव्हर आस्क एनीथिंग! या घरात कोणी काही विचारतच नाही!"

ती ताट तसंच ठेवून उठली. काकूंनी एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "भात आण." पुढे बापलेकीचं बोलणं माझ्यातून चालू झालं. मंदा, तिला सांग दिवा बंद कर. मंदा, बाबांना सांग मिठाचं इकडे दे. मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची. संध्याकाळी चहा व्हायचा, पण रेवा वर खोलीत असायची. काका पेपर धरून बसायचे आणि 'हं' म्हणावं असं सांगायला कुणी नसायचं.

मग मोठं वादळ आलं. खिंड बंद झाली, खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ चढला. ते संपून खिंड उघडली त्या सकाळी आभाळ इतकं निळं होतं की त्याच्याकडे बघून डोळ्यांत पाणी यावं. काका हॉस्पिटलला गेलेले. केली गाडी घेऊन आली. रेवाने मेतकूट-तुपाच्या चार पोळ्या गुंडाळून घेतल्या, माझ्या गालाला पीठ लावलं आणि म्हणाली, "येते गं." काकू खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणाल्या, "ये." दार बंद झालं. मी पोळी लाटत होते. माझं लाटणं थांबलं. आज हिने कुणालाच काही सांगितलेलं नाही, हे मला तेव्हा उमगलं. काकांशी बोलणं नाही, काकू विचारणार नाहीत, आणि मी तर या घरात कधी कुणाला उलटून प्रश्नच केला नव्हता. गाडी चालू झाल्याचा आवाज आला. मी पिठाच्या हातांनी, घरातल्या सपाता घालून, तशीच बाहेर पळाले.

"रेवा! कुठे?"

माझा आवाज माझ्याच कानांना अनोळखी वाटला. रेवाने काच खाली केली. आधी तिला खरंच वाटेना. मग तिचा चेहरा उजळला. "वॉव, मंदा! तू विचारलंस!"

"सांग ना. आणि किती वाजता?"

"जुनी माइन, खाण, आहे ना वर, तिच्या मागची घळ. आज सगळीकडे साबुदाण्यावर लोड आहे, म्हणून वर नाही चढणार. खाली झाडीतून फक्त. तीनला परत. ओके, माय मदर?"

मागे टकटक आवाज येत होता. काकू वाकड्या बोटाने खिडकीची काच वाजवत होत्या. दुहेरी काच, आवाज बाहेर येत नव्हता, पण तोंडावरून कळत होतं. परत ये. बस. पाणी पी. रेवाने आईकडे बघून हात हलवला आणि गाडी गेली.

मी आत आले. सपाता भिजल्या होत्या. काकूंनी खिडकीवरची नजर काढली नाही. मग म्हणाल्या, "तुझ्या आईने तुला काही शिकवलं नाही का गं?"

"शिकवलंय," मी म्हटलं आणि उरलेल्या पोळ्या लाटायला घेतल्या.

तीन वाजता मी चहाचं आधण ठेवलं. ते आटलं, पुन्हा पाणी घातलं, पुन्हा आटलं. काकूंची जपमाळ चालू होती, पण मणी पुढे सरकत नव्हते. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तेव्हा मी फोन उचलला. तोवर मी त्या फोनवर इंग्रजी कधी बोलले नव्हते. पलीकडे नर्स होती. मी म्हटलं, "डॉक्टर. होम. रेवा." ती काहीतरी विचारत राहिली आणि मी तेच तीन शब्द म्हणत राहिले. काका आले. त्यांनी फोन केले. लाल जॅकेट घातलेली बचाव पथकाची दोन माणसं दारात आली. केलीची गाडी खिंडीवरच्या मोठ्या थांब्यावर आहे म्हणाले, पण तिथून दोन्ही बाजूंच्या सगळ्या दऱ्यांत वाटा जातात. सकाळच्या पाऊलखुणा वाऱ्याने पुसल्या होत्या. तुमची मुलगी कुठे जाते म्हणाली? काका आपल्या हातांकडे बघत राहिले. "शी डिडन्ट टेल मी," ते म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. "माइन," मी म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही. "बिहाइंड माइन. थ्री ओक्लॉक." त्यातला एक जण माझ्यापुढे वाकला, मी बोलेन त्या उंचीवर कान आणून म्हणाला, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. माझ्या मागे जपमाळ फरशीवर पडल्याचा आवाज आला.

त्यांना त्या दोघी उजेड होता तोवर सापडल्या. वर चढल्या नव्हत्याच. घळीच्या तोंडाशी सपाटीवरून चालत असताना पायांखाली तो 'हुम्म' झाला आणि पुढच्याच क्षणी डोक्यावरचा अख्खा उतार सुटला. केलीला त्याने झाडांत फेकलं, तिचा गुडघा गेला. रेवा छातीपर्यंत गाडली गेली. केलीने सरपटत येऊन तिला खणून काढलं, पण रेवाचं मांडीचं हाड मोडलं होतं आणि दोघींनाही चालता येत नव्हतं. होते नव्हते ते सगळे कपडे अंगावर घालून, एकमेकींना चिकटून, त्या मेतकुटाच्या पोळ्या खात बसल्या होत्या. घळीतलं ऊन केव्हाच गेलं होतं. तशी रात्र त्यांनी काढली नसती, असं त्या लाल जॅकेटवाल्याने काकांना सांगितलं. ते हाड जोडायला काकांनी दुसऱ्या गावच्या डॉक्टरला बोलावलं.

हॉस्पिटलमधून काकूंनी प्लेनो शहरातल्या आपल्या बहिणीला फोन लावला. मी पाण्याची बाटली घेऊन मागे उभी होते. त्या म्हणाल्या, "काय सांगू, निघताना कुणीतरी कुठे विचारलं गं." कुणीतरी. त्या घरात तोवर मी मंदा होते, मंदे होते, कधी चिडल्या तर भवानीसुद्धा होते. कुणीतरी पहिल्यांदाच झाले. घरी येताना गाडीत काका हलक्या आवाजात म्हणाले, "तू विचारलंस ते फार बरं केलंस, मंदा." पण ते काकूंसमोर कधी म्हणाले नाहीत. रेवा मात्र शुद्धीवर आल्यापासून भांडत होती. "आई, तिने विचारलं म्हणून मी इथे आहे!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "विचारलं नसतं तर शोधायची वेळच आली नसती."

मी अंथरुणात पडल्या पडल्या ते उलटसुलट करून पाहिलं. आजही पाहते. दोन्ही बाजूंनी ते बरोबरच वाटतं.

तरी मला परत मागायचे झाले तर मी तेच महिने मागेन. रेवा बाहेरच्या खोलीत सोफ्यावर, पाय उशीवर. मी तिचं डोकं विंचरायची, तिला दुधातली लापशी भरवायची आणि ती 'आय कॅन ईट, मंदा' म्हणत आ करायची. तिने मला इंग्रजी वाचायला लावलं आणि मी तिला काकूंचे जुने दिवाळी अंक वाचून दाखवले. काका कामावरून आले की तिच्या पायथ्याशी बसायचे. कॉलेजचं नाव पुन्हा निघालं नाही. एकदा त्यांनीच विचारलं, "तो तुमचा साबुदाणा म्हणजे नक्की काय असतं?" तेव्हा तिने चहाच्या कपात साखर घालून, वर बिस्किट ठेवून दाखवलं. बाहेर छप्पर अंग झाडायचं. काकू सगळं ऐकत असायच्या. माझ्याशी बोलायच्या, पण कामापुरतं.

पाय बरा झाल्यावर रेवाला अलास्कात नोकरी लागली. ती निघाली त्या सकाळी तिच्या बॅगा दारात आल्या आणि काकू मला म्हणाल्या, "मंदे, आत जा. आमटी उतू जाईल." आमटी शेगडीवर नव्हतीच. मला कळलं, निघताना मी दारात नको. मी आत गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला गाडीची मागची बाजू आणि रेवाचा एक हात एवढंच दिसलं. तो हात कुणाला तरी शोधत असल्यासारखा हलत होता.

पण ती फोन करायची. डोंगरात जायच्या आदल्या दिवशी, ठरवून. मी उचलला की पहिलं वाक्य, "मंदा, विचार." मी काकूंच्या खुर्चीकडे बघून, आवाज उतरवून म्हणायची, "कुठे?" मग ती सांगायची. ती नावं मला ओळखीची नव्हती, मी नुसती पाठ करायची. काकूंचा चेहरा खिडकीकडे असायचा. एकदा मी फोन ठेवला तेव्हा त्या तशाच, खिडकीकडे बघत म्हणाल्या, "किती वाजता परत म्हणाली?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती वेळ होऊन गेल्यावर रेवाचा 'आले' म्हणून फोन येईपर्यंत त्या जेवल्या नाहीत.

पुढच्या वर्षी काकूंनी माझं लग्न जमवलं. नेपरव्हिलला इंडियन ग्रोसरीच्या दुकानात असलेला, साधा, आमच्याच तालुक्याकडचा मुलगा. घाईघाईने सगळं ठरलं. मला वाटलं, आता मला घरातून काढतायत. आमचे हे चांगले निघाले, संसार नीट झाला, मुलगी कॉलेजात आहे. ती घराबाहेर पडताना मी तिला 'कुठे' विचारते आणि ती 'ओह गॉड, आई' म्हणून सांगते. काकू आता नाहीत. काका रेवाकडे आहेत. रेवाचा फोन येतो, पण पहिल्यासारखा नाही. तिचा तो पाय थंडीत ठणकतो म्हणून ती आता डोंगरात फारशी जात नाही, मग 'विचार' म्हणण्यासारखं उरत नाही. फोन वाजला की मी अजून आधी तेच ऐकायला बघते.

मी निघाले ती सकाळही निळी होती. काका मला विमानावर सोडायला येणार होते. मी देवाला नमस्कार केला, काकूंच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मी बूट घातले, दार उघडलं, म्हटलं, "येते, काकू." पायऱ्या उतरून गाडीपर्यंत गेले. काकांनी बॅग आत टाकली. शेजारचा म्हातारा फावडं टेकवून बघत होता, पण त्या दिवशी त्यानेही काही विचारलं नाही. मी गाडीचं दार धरलं, आणि मागून आवाज आला.

"मंदे, कुठे चाललीस?"

काकू दारात उभ्या होत्या. हातात नेहमीची काठी नव्हती, चौकट धरून उभ्या होत्या. मी कुठे चालले हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? ते सगळं त्यांनीच ठरवलेलं. काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी गाडी बंद केली. आयुष्यभर जो शब्द काकूंनी निघणाऱ्यासमोर कधी उच्चारला नव्हता, तो त्या म्हणाल्या होत्या, आणि आता मला जाता येणार नव्हतं. मी परत गेले. पायऱ्यांवर बूट काढले. आत आले आणि खिडकीजवळ, त्यांच्या खुर्चीसमोर बसले. काकूंनी मला उठू दिलं नाही. स्वतः स्वयंपाकघरात गेल्या, वाकड्या बोटांच्या दोन्ही हातांनी पेला धरून सावकाश आणला, एक थेंब सांडला नाही. वर छप्पर कुरकुरायला लागलं होतं. आम्ही दोघी त्या आवाजाची वाट बघत बसलो, आणि मी ते पाणी, जितकं हळू पिता येईल तितकं हळू, प्यायले.